हसवणारा गेल्यावर : ‘निर्विष’ या विशेषणाविषयी

कवी गेला की लोक त्याच्या ओळी आठवतात, गायक गेला की त्याची गाणी लावतात. पण विनोदकार गेला की चाहत्यांची मोठी पंचाईत होते. ज्याने जन्मभर हसवले त्याच्यासाठी रडायचे कसे? मग त्याचेच विनोद एकमेकांना सांगितले जातात, हसता हसता डोळे पुसले जातात आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, ‘त्यांनी कधी कोणाला दुखावले नाही.’ हे वाक्य प्रेमापोटी येते, यात शंका नाही. पण एका कलावंताच्या साऱ्या कामाचा निवाडा या एका वाक्यात उरकला जातो. तो निवाडा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत असा सर्वांत मोठा शोक पु. ल. देशपांडे यांच्या वाट्याला आला. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सुनीताबाईंशी १२ जून १९४६ रोजी झालेल्या त्यांच्या लग्नाचा तोच वाढदिवस होता. आमच्या पिढीने त्यांना रंगमंचावर पाहिले नाही. आम्हांला ते भेटले कॅसेटमधून, नंतर सीडीतून आणि आता मोबाइलवर. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, सोबतीला दुसरा नट नाही. एक माणूस आणि त्याचा आवाज. आज ‘स्टँड-अप’ म्हणून जे नाव घेतले जाते त्याचे मराठी घराणे शोधायचे झाले, तर १९६० च्या दशकातल्या ‘बटाट्याची चाळ’च्या एकपात्री प्रयोगांपाशी जावे लागते. 

पुलंच्या विनोदाला चाहत्यांनी कायमचे चिकटवलेले विशेषण म्हणजे ‘निर्विष’. जयंती आली, पुण्यतिथी आली की हा शब्द पुन्हा भेटतो. त्याच दिवशी मोबाइलवर त्यांच्या नावाने असे विनोदही फिरतात जे त्यांनी कधी लिहिले नाहीत. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे, असे मला वाटते. लेखकाला गोड, गुळगुळीत आणि निरुपद्रवी करून ठेवले की कोणताही गोड विनोद त्याच्या नावावर खपतो.

प्रत्यक्षात काय आहे? ‘बटाट्याची चाळ’मधले ‘गच्चीसह – झालीच पाहिजे’ हे प्रकरण घ्या. साठ बिऱ्हाडांच्या चाळीत गच्चीसाठी चळवळ उभी राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सारे राज्य ढवळून निघाले होते, त्या काळात लिहिलेले हे प्रकरण. घोषणा, ठराव, शिष्टमंडळे, पुढारीपण या सगळ्यांची नक्कल त्यात आहे. आपल्याच माणसांच्या सर्वांत तप्त विषयाला हात घालायला धाडस लागते. ‘अंतू बर्वा’ घ्या. गावात वीज येणार म्हणून सारे खूश, आणि अंतूशेट मात्र तिची थट्टा करतात, कारण उजेडात दिसणार ते दारिद्र्यच. इथे श्रोता हसतो आणि मग एकदम गप्प होतो. या विनोदाला निर्विष कसे म्हणणार? त्यात कडवटपणा आहे आणि तो मुरलेला आहे.

लेखनाबाहेरचे पुलंही तसेच. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या बाजूने जाहीर सभांतून बोलले. १९९६ मध्ये पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला त्या निमित्ताने त्यांनी राज्यातल्या दडपशाहीच्या भाषेबद्दल नाराजी व्यक्त केली. त्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. तेव्हा कोणी ना कोणी दुखावला होताच. ‘कधी कोणाला दुखावले नाही’ हे वाक्य वस्तुस्थितीलाही धरून नाही.

आता कोणी विचारील, चाहत्यांनी प्रेमाने वापरलेल्या एका शब्दावर एवढा खल कशासाठी? मालाडच्या एका उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाला याच्याशी काय देणे-घेणे? देणे-घेणे आहे. आमच्याकडून दहावी होऊन मुले कॉलेजात जातात. तिथे मराठीत दोन वाक्ये बोलली की वर्गात खसखस पिकते. ‘ळ’ जमत नाही, लिंग चुकते, ‘मला’च्या जागी ‘मेरेकू’ येते. मूल उतरलेल्या चेहऱ्याने गप्प बसले की उत्तर ठरलेले असते : ‘अरे, गंमत केली!’ ‘गंमत केली’ आणि ‘निर्विष विनोद’ ही एकाच नाण्याची किरकोळ आणि ठोक किंमत आहे. सगळाच विनोद निरुपद्रवी ठरवला की कोणता विनोद माणसाला जवळ आणतो आणि कोणता त्याला दाराबाहेर उभा करतो, हा फरक करण्याची सोयच उरत नाही.

हा फरक समजून घ्यायला पुलंइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. ‘रावसाहेब’ ऐका. बेळगावकडचे कानडी वळणाचे मराठी, त्यातला दणका, त्यातल्या शिव्या. सुरुवातीला आपण त्या बोलण्याला हसतो. हळूहळू त्या बोलण्याआडचा संगीतवेडा, नाटकवेडा, दिलदार माणूस दिसू लागतो आणि शेवटी ते बोलणे ऐकू येईनासे होऊन माणूसच समोर राहतो. एक विनोद उच्चारापाशी थांबतो, दुसरा उच्चाराच्या दारातून आत शिरतो. आपल्या नाटका-सिनेमांतला नेहमीचा मुसलमान – जाळीची टोपी, सुरमा, ‘हमकू तुमकू’ – हा पहिल्या प्रकारातला. त्याचे बोलणे संपले की तोही संपतो. रावसाहेब त्यांचे बोलणे थांबल्यावरही उरतात.

याच कसोटीवर पुलंनाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. चाळीतली ठळक माणसे – त्रिलोकेकर, पावशे, कोचरेकर मास्तर, राघूनाना – ही गिरगावातल्या हिंदू मध्यमवर्गातली आहेत. लेखक आपल्या परिचयाच्या जगाविषयी लिहितो, त्यात गैर काही नाही. पण जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या या लेखकाच्या इतक्या तीक्ष्ण कानाने शेजारच्या वस्तीतले उर्दूमिश्रित मराठी आणि कोकणी मुसलमानाची बोली टिपली असती, तर मराठी विनोदाचा एक कोपरा आज इतका ओसाड नसता. हा प्रश्न विचारला की चाहते रागावतात. खरे तर ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

आरसा आपल्याही घरात लावला पाहिजे. २ ऑक्टोबर २०२१ रोजी उमर शरीफ गेले. कराचीचा हा कलावंत उपचारांसाठी अमेरिकेला निघाला होता. वाटेत जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात मृत्यूने गाठले. पुढे कराचीत अब्दुल्ला शाह गाझी यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. ‘बकरा किस्तों पे’ या १९८९ च्या नाटकाच्या कॅसेटी मुंबईतल्या उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांतही घरोघर पोचल्या होत्या. त्या नावातच हप्त्यांवर संसार रेटणाऱ्या माणसाचे सारे दुखणे आहे. ते गेल्यावर आमच्याकडेही तेच झाले. त्यांचे संवाद पाठ म्हटले गेले, ‘हंसी के बादशाह’ म्हणून डोळे पुसले गेले. पुढारी आणि पोलीस यांची त्यांनी उडवलेली खिल्ली कोणी आठवली नाही. बायकांवरच्या, काळ्या रंगावरच्या, जाडेपणावरच्या त्यांच्या विनोदांबद्दलही कोणी बोलले नाही. जे विनोद ऐकताना घरातली बाई हसत नव्हती, तेही ‘निर्विष’ यादीत जमा झाले. मुसलमानाच्या उच्चारावर कोणी हसले की आपल्याला लागते, मग घरातल्या सुनेच्या रंगावरचा विनोद कॅसेटवर वाजताना आपण कोणाच्या बाजूला बसलेलो असतो?

आपल्या समाजात अशा वेळी आणखी एक सूर हमखास उमटतो : आता त्यांच्या कॅसेटी लावू नका, मरणाऱ्याच्या गुनाहांत भर पडेल, फक्त मग्फिरतची दुआ करा. दुआ प्रत्येक जाणाऱ्यासाठी करावी, तो त्याचा हक्क आहे. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर हसवणे याची गणना गुनाहांत करणे मला पटत नाही. एका बाजूला विनोद निरुपद्रवी म्हणून धुऊन काढायचा, दुसऱ्या बाजूला तो पाप म्हणून पुसून टाकायचा. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. विनोद ऐकायचे काम टळते.

मेलेल्याला निरुपद्रवी ठरवण्याची किंमत जिवंतांना मोजावी लागते. डोंगरीत राहिलेला मुनव्वर फारूकी १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या कार्यक्रमात पकडला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत तुरुंगात राहिला. त्या वर्षी त्याचे कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले. २३ मार्च २०२५ च्या रात्री आमच्याच पश्चिम रेल्वेवरच्या खारमध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून ‘हॅबिटॅट’ या प्रयोगस्थळाची मोडतोड झाली. या दोघांचे विनोद सर्वांना आवडावेत असे नाही. मलाही सगळे आवडत नाहीत. पण ‘पूर्वीचे विनोदकार बघा, कधी कोणाला दुखावले नाही’ हा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. पुलंच्या प्रेमाने घडवलेले विशेषण असे आजच्या विनोदकाराला मापण्याची फूटपट्टी होते. गच्चीच्या चळवळीची नक्कल करणारा आणि पुरस्कार स्वीकारतानाही सत्तेला सुनावणारा माणूस या मापात बसला असता का?

मग चाहत्यांनी शोक करू नये काय? जरूर करावा. फक्त सुटे संवाद आठवून थांबू नये, एखादे कथन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. आमच्या वर्गात मी ‘म्हैस’ आणि ‘अंतू बर्वा’ ऐकवतो. मालवणीतली कितीतरी कुटुंबे मूळची रत्नागिरी-रायगडकडची, एस.टी. आणि तांबडी धूळ या मुलांना नवी नाही. पुस्तकातले मराठी अडखळत वाचणारी मुले ‘म्हैस’ ऐकताना कोणाच्या आधी हसतात. लिपीची भिंत असते, आवाजाला ती नसते. अंतूशेटच्या विजेपाशी मात्र वर्ग शांत होतो. एकदा एका मुलीने विचारले, ‘सर, हे हसायचे होते की नाही?’

त्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, कारण तोच प्रश्न विनोदकाराला हवा असतो. ज्या समाजाला तो पडतो, तिथे विनोदकाराचे काम त्याच्या मागे चालू राहते. ‘निर्विष’ म्हणून हात जोडणारा चाहता तो प्रश्न विचारायचे सोडून देतो, आणि विनोदकार तिथे दुसऱ्यांदा मरतो.