पाठवलं की गेली?

आनंदीबाई जोशींची गोष्ट एका वाक्यात सांगायला सांगा. बहुतेक जण म्हणतील, गोपाळरावांनी आनंदीला शिकवलं आणि डॉक्टर व्हायला अमेरिकेला पाठवलं. हे वाक्य वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतं, ८ मार्चच्या स्टेटसवर शोभून दिसतं आणि खोटंही नाही. पण त्याचा कर्ता कोण आहे ते बघा. शिकवलं त्यांनी, पाठवलं त्यांनी. जी बोटीवर चढली, जिनं दोन महिने पाण्यावर काढले, ती या वाक्यात कर्म आहे.

मराठीत पाठवण्याला आणखी एक वास चिकटलेला आहे. लग्नाच्या शेवटी होते ती पाठवणी. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरी जाते, पण आपण ‘ती गेली’ असं म्हणत नाही, ‘तिला पाठवली’ म्हणतो. आनंदीबाईंच्या प्रस्थानाच्या दिवसाबद्दल मराठीत जे काही लिहिलं आणि दाखवलं गेलं, त्यातल्या बऱ्याच भागावर या पाठवणीची सावली आहे असं मला वाटतं. या लेखात तीच सावली तपासायची आहे, कारण तो दिवस नीट वाचला तर वेगळाच दिसतो.

तो दिवस ७ एप्रिल १८८३ चा. जागा कलकत्ता. बोटीचं नाव ‘सिटी ऑफ कलकत्ता’. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण होऊन फक्त एक आठवडा झाला होता. नवव्या वर्षी लग्न झालं होतं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. गोपाळराव टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा बदल्या होत होत ते बंगालमध्ये पोचले आणि शेवटी कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या श्रीरामपूरला आले. आनंदीबाई तिथून निघाल्या त्या एकट्या. नवरा सोबत नव्हता. सोबत होती ती ओळखीच्या मिशनरी वर्तुळातल्या बायकांची. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं आणि तिथून हा सगळा पत्रव्यवहार सुरू झाला होता.

आता जागेबद्दल. ‘सातासमुद्रापार’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की आनंदीबाई निघाल्या म्हटलं की डोळ्यांसमोर थेट समुद्र येतो. लाटा, भोंगा, किनाऱ्यावर लहान होत जाणारा माणूस. पण कलकत्ता हे नदीवरचं बंदर आहे. समुद्र तिथून सुमारे दोनशे किलोमीटर लांब. खिदिरपूरची बंदिस्त गोदी १८९२ मध्ये सुरू झाली, म्हणजे १८८३ साली जहाजं हुगळीच्या पात्रातच उभी असत. तिथून निघालेलं जहाज लगेच मोकळ्या पाण्यात जात नाही. भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते. नदीचे वाळूचे बांध सतत जागा बदलतात, म्हणून नदी ओळखणारा खास पायलट जहाजावर घ्यावा लागतो. जहाज समुद्रात पोचवलं की पायलट उतरून परत येतो. वाटेत ‘जेम्स अँड मेरी’ नावाचा बांध लागतो. १६९४ साली तिथे बुडालेल्या जहाजाचं नाव त्याला पडलं, यावरूनच त्याची ख्याती कळते.

हे तपशील सजावटीसाठी सांगत नाही. नदीवरच्या बंदरातून निघणारा माणूस एका क्षणात निघत नाही. दोन्ही काठ बराच वेळ दिसत राहतात. घाट, झाडं, आंघोळ करणारी माणसं, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या मागे पडत जातात, पण देश सुटलेला नसतो. निर्णय बदलावासा वाटला तर तो वाटायला भरपूर वेळ असतो. पाठवणीच्या दृश्याला एक हुंदका आणि एक हात पुरतो. नदीतून निघायला तासन्‌तास जाण्याचा निर्णय धरून बसावं लागतं. त्या तासांत पाठवणारा काठावर राहिलेला असतो. पुढचं सगळं जाणाऱ्याचं काम.

आपल्या साहित्यानं त्या दिवसाचं काय केलं? श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. पुढे तिचं नाटक झालं, मालिका झाली. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा त्याच नावाचा सिनेमा आला, ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद त्यात होते. आज विशीतल्या वाचकाला आनंदीबाई माहीत असतात त्या मुख्यतः या रांगेतून. पहिलं शीर्षक बघा. आनंदी गोपाळ. मध्ये ‘आणि’ नाही. रेशनकार्डावर, मतदार यादीत, एसटीच्या पासवर बाईचं नाव जसं लिहिलं जातं तसं. स्वतःचं नाव आणि लगेच नवऱ्याचं. हे शीर्षक प्रामाणिक आहे, कारण त्या कलाकृतीचा विषय एक विलक्षण लग्न आहे. विक्षिप्त, हट्टी, काळाच्या पुढे असलेला नवरा आणि त्याच्या हट्टातून घडत गेलेली बायको. बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून मारणारा नवरा, हा किस्सा आपल्याला पाठ आहे. तो सांगताना आपण जरा हसतोसुद्धा: बाकीचे नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून मारत, हा केला म्हणून मारायचा.

लग्न हा विषय धरला की प्रस्थानाचा दिवस आपोआप त्या लग्नाचा कळस होतो. नवऱ्याच्या तपश्चर्येचं फळ जहाजावर चढतं. मग आपण काठावर गोपाळरावांशेजारी उभे राहून बोट जाताना बघतो. बोटीच्या कठड्याला धरून काठाकडे बघणारी नजर आपल्या वाट्याला क्वचित येते. कादंबरीवर आणि सिनेमावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. गोपाळराव जास्त चांगले किंवा जास्त वाईट दाखवले, ही तक्रार गौण. कॅमेरा कुठे ठेवला, हा खरा प्रश्न.

आणि दुसरीकडे कॅमेरा ठेवायला साहित्य नव्हतं असंही नाही. बोट निघण्याच्या सहा आठवडे आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केलं. कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून छापलेल्या चरित्रात ते सापडतं. भाषणाची बांधणी बघण्यासारखी आहे. लोक आपल्याला काय काय विचारतात ते त्यांनी सहा प्रश्नांत मांडलं आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला कशासाठी? हिंदुस्थानात शिकता येत नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? काही संकट आलं तर? आणि कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस?

जवळपास सगळ्या प्रश्नांत क्रियापद पहिल्या पुरुषात आहे. मी जाते. मी एकटी जाते. ‘एकटी का’ याचं उत्तर तर आजही अंगावर येतं, कारण त्यात भावनेचा थेंब नाही. नवऱ्यावर म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून आहेत, त्यांना सोडून तो येऊ शकत नाही, इतका साधा हिशेब. रस्त्यानं चालताना लोक कसे गोळा होतात, टिंगल करतात, खडे मारतात, हेही त्यांनी सांगितलं. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर केलं. ज्या गावात हे भाषण झालं तिथेच विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला होता. छापील मराठीचा एक उगम त्या नदीकाठी आहे. सत्तरेक वर्षांनी एक मराठी मुलगी तिथेच उभी राहून आपल्या जाण्याची कारणं इंग्रजीत देत होती, कारण समोरचे श्रोते तिच्या भाषेचे नव्हते.

हे भाषण निरोपाच्या दृश्यापेक्षा जास्त नाट्यमय आहे. यात एक अठरा वर्षांची होऊ घातलेली मुलगी भर सभेत उलटतपासणीला सामोरी जाते, आणि उलटतपासणी घेणारीही तीच असते.

दुसरा ऐवज पत्रांचा. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्यांचं मराठी चरित्र लिहिलं आणि पत्रांना त्यात जागा दिली. पुढे अंजली कीर्तने यांनी अनेक वर्षं शोध घेऊन नवं चरित्र लिहिलं. मीरा कोसंबी यांनी पत्रांवर केलेलं काम त्यांच्या निधनानंतर २०२० मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपानं आलं. या पत्रांत अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. लहानपणी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत आणि सोडून जाण्याची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात, अशी वयानुसार यादी त्या देतात. आणि मग म्हणतात की हे वागणं बरं की वाईट ते ठरवणं अवघड आहे. जे साधायचं होतं त्या दृष्टीनं ते बरोबर वाटेल. लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहिलं तर चूक वाटेल.

‘आनंदी गोपाळ’वर इतकी नेमकी समीक्षा दुसऱ्या कुणी केलेली मला माहीत नाही. मारण्याच्या किश्श्यावर आपण हसतो ते हे पत्र बाजूला ठेवूनच. कृतज्ञता आणि आरोप एकाच वाक्यात धरायची ताकद त्या मुलीत होती, पण आपल्या लोकप्रिय कथनाला दोन्हींतलं एकच पेलतं. हेही लक्षात घ्या, की हे पत्र काठावर उभं राहून लिहिता आलं नसतं. त्याला मधलं पाणी लागलं. टपाल खात्यातल्या नवऱ्याला पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं ते टपालानंच.

एक तुलना करून बघू. आनंदीबाई निघाल्यानंतर तेराव्या दिवशी, २० एप्रिल १८८३ ला, पंडिता रमाबाई मुंबईहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीनं इंग्लंडला निघाल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा. नवरा बिपिनबिहारी मेधावी आदल्या वर्षीच वारले होते. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाच्या खर्चाला हात लागला होता. पोचल्यावर त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकरांना लांबलचक पत्र लिहिलं. तेच ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापलं गेलं. म्हणजे प्रस्थानाचं वर्णन मराठीत, पहिल्या पुरुषात, स्वतः जाणाऱ्या बाईच्या हातचं. तरी रमाबाईंच्या निघण्याचं दृश्य आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

का येत नाही? एक कारण उघड आहे. त्याच सप्टेंबरात रमाबाई ख्रिस्ती झाल्या, म्हणजे आनंदीबाईंनी भर सभेत दिलेल्या वचनाच्या नेमकं उलट घडलं. शिवाय आनंदीबाई एकविसाव्या वर्षी गेल्या. २६ फेब्रुवारी १८८७, डॉक्टरकी सुरू होण्याआधीच. रमाबाई १९२२ पर्यंत जगल्या, भांडल्या, न पटणारी कामं करत राहिल्या. पण माझ्या मते दुसरंही कारण आहे. रमाबाईंना पाठवणारं कुणी नव्हतं. धक्क्यावर आपल्याला उभं राहायला जागाच नाही. पाठवणी करता येत नाही अशा बाईची गोष्ट कशी सांगायची, हे आपल्या कथनपरंपरेला अजून नीट जमलेलं नाही.

गोपाळरावांचं श्रेय काढून घ्यावं असं यातून निघत नाही. त्यांनी मिशनऱ्याला पत्र लिहिलं नसतं तर ही बोट आनंदीबाईंच्या आयुष्यात आली नसती. पण दार उघडणं आणि दारातून जाणं ही दोन माणसांची दोन कामं आहेत. चांगल्या कादंबरीला त्यासाठी दोन क्रियापदं वापरता आली पाहिजेत.

आता हा प्रश्न १८८३ पुरता आहे का? वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीतून बघू. इथे बंदर नाही. इथलं पावसाचं पाणी मात्र अडाण-अरुणावतीतून पैनगंगेला, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत शेवटी त्याच बंगालच्या उपसागराला मिळतं. माणसं जातात ती एसटीनं. अमरावतीला, नागपूरला, पुण्याला. नर्सिंगला, नीटच्या क्लासला, भरतीच्या तयारीला. आणि पारावर वाक्य तेच असतं: अमक्यानं पोरीला शिकायला पाठवलं. कधी ‘पाठवायची हिंमत केली’ अशी शाबासकीही मिळते. बापाची हिंमत खरीच असते. पण अनोळखी शहरात पहिल्या रात्री होस्टेलच्या खोलीत झोप न लागणारी ती पोरगी असते, आणि तिच्या हिमतीसाठी वाक्यात जागा ठेवलेली नसते. पाठवलं म्हटलं की परत बोलावण्याचा हक्कही पाठवणाऱ्याकडेच राहतो. एखाद्या पेपरात मार्क कमी पडले, एखादं स्थळ आलं, की तो हक्क वापरला जातो. म्हणून क्रियापदाचा हा वाद पुस्तकी नाही.

हुगळीवरून आज क्रूझही जातात. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली, ५१ दिवसांत दिब्रुगडपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे पर्यटक. ती कलकत्त्यावरूनच पुढे गेली. तिच्या निघण्याच्या दिवशी हार होते, रोषणाई होती. त्या प्रवाशांना कुणी विचारलं नसेल की तुम्ही का जाता, एकटे का जाता, परत आल्यावर तुमचं काय होईल. तिकीट ज्याचं, जाणं त्याचं. इतकी साधी गोष्ट आनंदीबाईंना सहा प्रश्नांची उत्तरं देऊन मिळवावी लागली, आणि मिळवल्यावरही मराठी वाक्यानं ती परत काढून घेतली.

सिनेमा जरूर बघा, कादंबरी वाचा. दोन्ही मन लावून केलेली कामं आहेत. पण त्याआधी ते श्रीरामपूरचं भाषण आणि ती पत्रं वाचा. क्रम उलटा केला तर आनंदीबाई गोपाळरावांच्या गोष्टीत येतात. हा क्रम ठेवला तर गोपाळराव आनंदीबाईंच्या गोष्टीत येतात, आणि तिथे ते जास्त खरे वाटतात.