दे आन्द्रे आणि बंदराची बोली

गीतकारास कवी म्हणावे की म्हणू नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे. इटलीत तो फाब्रीत्सिओ दे आन्द्रे याच्या नावाभोवती वारंवार रंगला. त्याची गीते शालेय संग्रहांत कवितांच्या शेजारी छापली गेली आणि १९९९ च्या जानेवारीत तो वारल्यावर ‘शतकाचा कवी’ अशी बिरुदेही त्यास मुक्तहस्ताने बहाल झाली. आम्हांस या सन्मानात गुणग्राहकतेपेक्षा घाईच अधिक दिसते. त्याच्या आरंभीच्या गीतांची वृत्ते सरळसोट आहेत, यमके आधीच ओळखू येतात. कागदावर ती वाचली तर मन पुरतेसे भरत नाही. त्या संथ, खोल, कोठेही आर्जव न करणाऱ्या आवाजातून तीच गीते ऐकली म्हणजे मात्र उणीव कोठे होती हे सांगता येत नाही. तेव्हा त्याचा विचार करावयाचा तो गाणारा म्हणूनच केला पाहिजे.

१९४० साली जेनोआच्या एका सुखवस्तू कुटुंबात तो जन्मला. कायद्याचा अभ्यास त्याने शेवटच्या काही परीक्षा उरल्या असता सोडला. फ्रेंच गायक-कवी झॉर्झ ब्रासाँस हा त्याचा आदर्श, आणि बंदरालगतच्या जुन्या गल्ल्या ही त्याची खरी शाळा. १९६० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. पण नाव झाले ते मीना या लोकप्रिय गायिकेने त्याचे ‘मारिनेल्ला’ हे गीत गाइल्यावर. रंगमंचाची त्यास इतकी भीती वाटे की श्रोत्यांसमोर नियमित गाण्यास तो १९७५ साली, वयाच्या पस्तिशीत उभा राहिला. गणिका, दारुडे, फाशी गेलेले, अशांचीच गीते त्याने पुढेही लिहिली. त्यांत दया असे, क्वचित दयेचा सोसही असे. हा दोष झाकण्याचे कारण नाही.

त्या सोसातून त्यास बाहेर काढले ते एका भाषांतराने. अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्स याचे १९१५ चे ‘स्पून रिव्हर अँथॉलजी’ फेर्नांदा पिवानो हिने इटालियनमध्ये आणले होते. एका गावच्या स्मशानातील मृत एकेक करून आपली हकीकत सांगतात, अशी त्याची रचना. दोनशेंहून अधिक कवितांतून दे आन्द्रेने नऊ घेतल्या आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत त्यांस अगदी नवे रूप दिले. मास्टर्सच्या प्रत्येक मृताला नाव आहे. दे आन्द्रेने ती नावे पुसली आणि ‘एक न्यायाधीश’, ‘एक वैद्य’, ‘एक रसायनज्ञ’ एवढेच ठेवले. ठेंगण्या बांध्यापायी जन्मभर हेटाळणी सोसलेला मनुष्य न्यायासनावर बसून सूड घेतो. तो आता एका गावचा रहिवासी उरत नाही, आपल्या कचेऱ्यांतही भेटू लागतो. एकाच मृताचे नाव मात्र त्याने राखले, ते जोन्स या वादकाचे. ज्याने काही कमावले नाही आणि कशाचा पश्चात्तापही केला नाही, त्यालाच नाव उरावे, ही योजना आम्हांस अत्यंत मार्मिक वाटते. मुळातल्या जोन्सचे सारंगीसारखे वाद्य बदलून त्याच्या हाती बासरी दिली, हेही लक्षात घ्यावे. रूपांतर म्हणजे मुळाशी अप्रामाणिकपणा, असे मानणाऱ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत.

१९७३ च्या ‘एका कारकुनाची कथा’ या कृतीविषयी थोडक्यात बोललेले बरे. तीत राजकीय सिद्धान्त बोलतो, माणूस बोलत नाही. १९७९ च्या ऑगस्टात सार्डिनियातील शेतावरून त्याचे व दोरी गेझ्झी या त्याच्या जीवनसंगिनीचे अपहरण झाले आणि सुमारे चार महिन्यांनी, खंडणी भरल्यावर, दोघे सुटली. आपल्यावर पहारा करणाऱ्यांना त्याने क्षमा केली. १९८१ च्या ध्वनिमुद्रिकेत त्याने सार्डिनियाचे मेंढपाळ आणि अमेरिकेचे मूलनिवासी यांस एकमेकांशेजारी उभे केले. ज्या बेटावर आपण बंदिवान होतो, त्याच बेटाच्या बाजूने बोलण्यास काय लागते, हे ज्याचे त्याने ताडावे.

आता आम्ही त्याच्या श्रेष्ठ कृतीकडे येतो. १९८४ ची ‘क्रोझा दे मा’ सर्वस्वी जेनोआच्या बोलीत आहे. क्रोझा म्हणजे दोन भिंतींमधून समुद्राकडे उतरणारी अरुंद वाट. ही बोली शहराबाहेरच्या इटालियनास कळत नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेसोबत प्रमाण इटालियन भाषांतर छापावे लागले. आपल्याच देशातील गाणे भाषांतराच्या आधाराने ऐकण्याची पाळी श्रोत्यावर आणणे, हे व्यापाराच्या दृष्टीने वेडेपणाचेच होते. बोली आणि भाषा यांचा तंटा ज्यांच्या घरीदारी चालतो, त्या आमच्या वाचकांस या धाडसाचे मोल निराळे सांगावयास नको.

पण ही कृती बोलीचा अभिमान मिरवीत नाही, आणि आमच्या मते तिचे मर्म तेथेच आहे. दे आन्द्रेला हवी होती ती भूमध्य समुद्रावरील खलाशांची, बंदरोबंदरी झिजून घडलेली वाणी; ती त्यास घरच्याच बोलीत सापडली. जेनोआच्या धक्क्यावरील ओझेवाल्यास ‘कामाल्लो’ म्हणतात. हा शब्द अरबीतला, आणि आपला ‘हमाल’ही त्याच घरचा. म्हणून या गीतांना औद आणि बुझुकी यांची साथ परकी वाटत नाही. एका गीतात तुर्कांच्या हाती सापडून पुढे सुलतानाच्या आरमाराचा प्रमुख झालेला जेनोआवासी बोलतो. ‘सिदून’ या गीतात, १९८२ च्या लेबनॉन युद्धाच्या छायेत, रणगाड्याखाली चिरडलेल्या मुलाचा बाप विलाप करतो. त्याआधी रीगन व शेरॉन यांचे आवाज ऐकू येतात. राज्यकर्त्यांचे शब्द सरावाचे, बापाचे शब्द अनोळखी. आणि तरी कळतो तो बापच. शीर्षकगीताच्या शेवटी मासळीबाजारातील विक्रेत्यांचे ओरडणे येते. ते शोभेखातर घातलेले नाही. ज्यांची भाषा उसनी घेतली त्यांस दिलेले ते स्थान आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो. या कृतीचे संगीत मुख्यतः माउरो पागानीचे. मास्टर्सच्या रूपांतरात जुझेप्पे बेन्तिवोल्यो व निकोला पिओवानी, पुढे मास्सिमो बुबोला, आणि १९९६ च्या अखेरच्या ‘आनिमे साल्व्हे’मध्ये इव्हानो फोस्साती हे सहकारी होते. मग याचे स्वतःचे असे काय? आक्षेप खोटा नाही. एकटा बसून त्याने फारच थोडे सिद्ध केले. परंतु यांतील प्रत्येकाने अन्यत्रही काम केले आहे, आणि त्या कामात हा काटेकोरपणा, ही निवड, नको तो शब्द टाकून देण्याची ही निर्दयता आम्हांस क्वचितच आढळली. कीर्तनकाराचे आख्यान पूर्वसूरींचे असते, म्हणून कीर्तन त्याचे नव्हे असे आपण म्हणत नाही.

‘क्रोझा दे मा’च्या शेवटच्या गीतात एक खलाशी जहाजावरून मागे पडणारे आपले शहर पाहतो. वाद्ये येथे फार थोडी. गीत लहान आहे, आणि ते संपते तेव्हा शहर अजून दिसत असते.