उमाबाई दाभाडे यांचें माहेर व सप्तशृंगीच्या पायऱ्या

सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांच्याविषयीं अलीकडे पुष्कळ लिहिलें जातें. त्या बहुतेक लिखाणाचा प्रारंभ तळेगांवीं होतो व शेवट इ. स. १७५३ मधील त्यांच्या मृत्यूनें. ‘अभोणकर देवराव ठोके देशमुख यांची कन्या’ एवढेंच काय तें माहेराच्या वांट्यास येतें. अभोणें आमच्या कळवण तालुक्यांतील, म्हणून या वाक्यावर चार शब्द लिहीत आहें.

लेखकांचा सारा भर ‘सरसेनापति’ या पदवीवर असतो. वस्तुतः १७३१ त डभईस त्रिंबकराव पडल्यावर शाहूमहाराजांनीं सेनापतिपद दिलें तें दुसरे पुत्र यशवंतराव यांस. ते अल्पवयी, म्हणून कारभार मातुःश्रींनीं पाहिला. पुढच्याच वर्षीं पिलाजी गायकवाडांचा घात झाल्यावर त्या अहमदाबादेवर चालून गेल्या. इतका पराक्रम पदरीं असतां न मिळालेली पदवी त्यांस बहाल करण्याची हौस कां, हें समजत नाहीं.

खरा प्रश्न गडावर आहे. पठारापासून देवीच्या स्थानापर्यंतच्या पायऱ्या उमाबाईंनीं सुमारें १७१० त बांधविल्या व तीन ठिकाणीं संस्कृत लेखांत पतीचें व त्यांचें नांव आहे, असें १८८३ च्या नाशिक गॅझेटियरांत नमूद आहे. आतां खंडेराव सेनापति झाले १७१७ त. म्हणजे या पायऱ्यांस ‘सेनापतिपत्नीचें औदार्य’ म्हणणें कालविपर्यास होय. मावळांत दिलेल्या सुनेनें गिरणेच्या खोऱ्याजवळील डोंगरावर एवढें काम कां करावें, याचें उत्तर अभोण्यांत शोधणें मला सयुक्तिक वाटतें. मात्र हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे. दाभाडे तेव्हांही नामांकित सरदार होते, आणि देवीचा भक्त होण्यास माहेर जवळ असावेंच लागतें असें नाहीं.

शिलालेखांत पतीचें नांव यावें व पित्याचें न यावें, हा संस्कृत भाषेचा दोष नव्हे. ‘भार्या’ शब्दाबरोबर ‘दुहिता’ शब्दही तिजपाशीं आहे. नाशिकच्याच पांडवलेण्यांतील प्राकृत लेखांत दक्षमित्रेचा पिता नहपान व पति उषवदात हे दोघेही नमूद आहेत. सोळा शतकांनंतर त्याच मुलुखांत पित्याचें नांव गळालें. अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींच्या काळच्या स्त्रियांचें कुल शोधणारांसही हाच अडथळा येतो. लग्नानें आडनांव बदलतें, आणि बापाच्या मृत्युपत्रांत ‘अमक्याची बायको, माझी मुलगी’ असा उल्लेख मिळाला तर सांधा जुळतो.

आपल्याकडे मृत्युपत्राचें काम वतनी दप्तरानें करावयाचें. वंशावळींत मुली नसतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. पण लेकीस चोळीबांगडीसाठीं दिलेलें गांव, आंदणाची यादी, लग्नाचा खर्च, भाऊबंदांच्या तंट्यांतील महजर यांत त्या असतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही गांव व आडनांवाप्रमाणें लावलेल्या असतात. तेथें तळेगांव व अभोणें दोन्ही नांवांखालीं पाहावें. संग्राहक मित्रांचें मात्र लक्ष शिक्क्याच्या सनदेवर. खर्चाचा फाटका कागद ते रद्दींत टाकतात, आणि उमाबाईंच्या आईचें नांव असलेंच तर तेथेंच असणार.