बोरीची राख: एका तारखेची चिकित्सा

पीएच.डी.च्या आराखड्यात ‘महाराष्ट्रात 14 लाख वर्षांपूर्वी हातकुऱ्हाडी घडत होत्या’ असं वाक्य टाकणार असाल, तर जरा थांबा. मीही ते आधी बिनधास्त लिहिलं होतं.

हा आकडा येतो जुन्नर तालुक्यातल्या बोरीवरून. कुकडीकाठी तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि अश्युलियन हत्यारंही. 1989 मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने राखेचं वय सुमारे 14 लाख वर्षं आलं. 1995 मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने 6.7 लाख. 1998 मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी राखेतल्या काचकणांचं रसायन तपासून ती सुमात्रातल्या टोबाच्या 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. राख एक, वयं तीन!

असं का होतं? आमच्या धाराशिवला पायाखाली असतो तोच काळा बेसॉल्ट कुकडीकाठीही आहे. वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. नदीने वाहून आणलेले त्याचे कण राखेत मिसळले, तर जुना आर्गॉनही येतो आणि वय फुगतं. पोटॅशियम दोन्हींत सारखं धरलं, तर 75 हजार वर्षांच्या राखेला 14 लाखांवर न्यायला फक्त 2 टक्के भेसळ पुरते. पण बेसॉल्टमध्ये पोटॅशियम बरंच कमी असतं, म्हणजे भेसळ कितीतरी जास्त लागेल. त्यामुळे ‘भेसळ असेल’ एवढं म्हणून सुटका नाही. ती मोजून दाखवावी लागते.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ‘हातकुऱ्हाडी जुन्या, म्हणून राख जुनी, राख जुनी, म्हणून हातकुऱ्हाडी जुन्या’ हा युक्तिवाद गोल फिरतो. जागच्या जागी पडलेल्या राखेखालचं हत्यार राखेआधीचं, एवढंच सिद्ध होतं. किती आधीचं, ते नाही. शिवाय राख पाण्याने पुन्हा वाहून आली असेल, तर तेही डळमळतं.

तुलनेला तमिळनाडूतलं अत्तिरमपक्कम घ्या. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये पुराचुंबकत्व आणि गाडल्या गेलेल्या दगडी हत्यारांतलं बेरिलियम-अॅल्युमिनियम अशा दोन स्वतंत्र वाटांनी किमान 10 लाख, सरासरी 15 लाख वर्षं हे वय मांडलं. तिथे बेरिलियम-अॅल्युमिनियमच्या वाटेने हत्यारंच मोजली गेली, फक्त शेजारचा थर नव्हे.

म्हणून तारीख उद्धृत करताना तीन गोष्टी लिहाच: नेमकं काय मोजलं, कोणत्या पद्धतीने, आणि त्याचा हत्याराशी संबंध काय. मी माझ्या आराखड्यात बोरीपुढे आता तिन्ही वयं लिहिली आहेत. वाक्य लांबलं, पण मुलाखतीत प्रश्न आला तर उत्तर तयार आहे.