जॅक्सन यांचीं दोन निकालपत्रें

न्यायालयाचे निकाल वाङ्मय म्हणून वाचण्याची चाल आपल्याकडे नाहीं. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन यांचीं दोन निकालपत्रें तशीं वाचावींत, असें आम्हांस वाटतें.

पहिलें १९४३ चें. वेस्ट व्हर्जिनियांत, धर्मश्रद्धेस बाध येतो म्हणून ध्वजवंदन नाकारणारीं मुलें शाळेंतून काढण्यांत आलीं. नागरिकानें काय मानावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाहि लहानमोठ्या अंमलदारास नाहीं, असें जॅक्सन यांनीं ऐन महायुद्धांत बहुमताच्या वतीनें लिहिलें. येथें त्यांचा एकहि शब्द कचरत नाहीं.

दुसरें १९४४ चें. जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस घरदार सोडावयास लावून छावण्यांत ठेवलें होतें. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! हा हुकूम न मानणाऱ्या फ्रेड कोरेमात्सु यांची शिक्षा सहा न्यायमूर्तींनीं कायम केली. तिघांनीं विरोध केला, त्यांत जॅक्सन होते. वंशभेदास न्यायालयानें दिलेली मान्यता म्हणजे भरून ठेवलेलें शस्त्र, ही त्यांची उपमा यथार्थच आहे. परंतु लष्करी हुकुमांची छाननी न्यायालयास साधणारी नाहीं, असेंहि ते तेथेंच कबूल करतात. मग नागरिकानें दाद मागावी कोठें?

१९८८ सालीं अमेरिकेनें कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक पीडितास २०,००० डॉलर देऊं केले. शाळेच्या अंमलदारापुढें खणखणीत वाजलेली वाणी सेनापतीपुढें मात्र खालावली, हेंच या समर्थ लेखणीचें वैगुण्य होय.