प्रतिकृतीचं म्हातारपण

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, की सर, अस्सल आणि नक्कल यांवर तुम्ही दीड तास बोललात, पण उदाहरणं सगळी चित्रांची आणि मूर्तींची. यंत्रांचं काय? प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून आज विमानं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला विमानातलं काय कळतं, असं कुणाला वाटत असेल तर ते बरोबरच आहे. पण मला जे बोलायचंय ते विमान कसं उडतं याबद्दल नाही, ते संग्रहालयात कसं म्हातारं होतं याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिथल्या एका लहान संग्रहालयात (नाव सांगत नाही, माणसं भली होती) मागच्या शेडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका विमानाची अर्धवट प्रतिकृती होती. एका पंखावर कापड चढवलेलं, दुसऱ्याच्या लाकडी बरगड्या उघड्या. वर प्लास्टिकचा कागद. माझ्याच वयाचे एक स्वयंसेवक होते, ते म्हणाले, "हे करणारा माणूस गेला. बरगड्यांना कापड शिवायची त्याची एक रीत होती, ती आम्हाला जमत नाही. त्याच्या वहीत असेल." मी विचारलं, वही कुठंय? तर म्हणाले, घरच्यांकडे.

आता बघा, जुन्या विमानाची प्रतिकृती करायचं ठरलं की पैसा येतो, उत्साह येतो. ती पूर्ण होऊन बाहेर काढली की फोटो येतात. अडचण असते ती मधल्या दहा वर्षांत आणि नंतरच्या तीस वर्षांत. अस्सल विमान असेल तर त्याला तज्ज्ञ मिळतात, हवेतला ओलावा मोजणारी यंत्रं मिळतात. प्रतिकृतीला जुनेपणाचा मान नाही आणि नवेपणाचं कौतुक ओसरलेलं. पण लाकूड, सरस आणि कापड यांना आपण नक्कल आहोत हे माहीत नसतं. ती अस्सलइतकीच कुजतात.

ऑस्ट्रेलियाचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. १९२८ साली चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्याचे तीन साथीदार 'सदर्न क्रॉस' नावाच्या तीन इंजिनांच्या फॉकर विमानातून अमेरिकेहून हवाई आणि फिजीमार्गे ब्रिस्बेनला आले. विमानातून पॅसिफिक ओलांडण्याची ती पहिली वेळ. ते अस्सल विमान आज ब्रिस्बेनच्या विमानतळाजवळ काचेच्या इमारतीत आहे. उडत नाही, उडवूही नये. मग दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काही मंडळींनी १९८० च्या सुमारास पूर्ण आकाराची, उडणारी प्रतिकृती करायला घेतली. १९८७ मध्ये ती उडाली. या विमानाचा पंख म्हणजे एकवीस मीटरहून लांब, सलग, लाकडी. घराच्या तुळईसारखा मनात आणा, फक्त आतून पोकळ आणि बरगड्यांनी भरलेला. मे २००२ मध्ये एक चाक निखळलं, उतरताना पंखाला इजा झाली आणि विमान बसलं. २०१० साली ते रस्त्यानं न्यू साउथ वेल्समधल्या अल्बियन पार्कला, हिस्टॉरिकल एअरक्राफ्ट रिस्टोरेशन सोसायटीकडे नेलं. पुन्हा उडालं ते डिसेंबर २०२३ मध्ये.

हिशेब करा. बांधायला सात वर्षं, पडून आणि दुरुस्तीत एकवीस. म्हणजे जन्मापेक्षा दुखण्याला तिप्पट काळ. या एकवीस वर्षांत ते विमान कुणाच्या डोळ्यांना सुखावत नव्हतं. तरी काही माणसं शेडमध्ये येत राहिली, म्हणून ते आहे. आपण संग्रहालयात जातो तेव्हा वस्तू बघतो. ही येत राहणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत.

आता थोडं आपल्या घरचं. पाणिनीनं प्रतिकृती या अर्थासाठी एक प्रत्यय सांगितलाय. घोड्यासारखी केलेली वस्तू असेल तर तिला 'अश्व' म्हणायचं नाही, 'अश्वक' म्हणायचं. नक्कल असल्याची खूण नावातच. पण पुढे तो एक अपवाद देतो. जी प्रतिमा कुणाच्या उपजीविकेचं साधन आहे पण विकायची नाही, तिथं हा प्रत्यय गळतो. म्हणजे देवळातली, जिची रोज सेवा होते ती शिवाची मूर्ती 'शिवक' नव्हे, ती 'शिव'च. बाजारात मांडलेली मूर्ती मात्र 'शिवक'. पतंजलीनं या जागी सोन्याच्या लोभानं प्रतिमा करवणाऱ्या मौर्यांना चिमटाही काढलाय. व्याकरणाच्या नियमात केवढा विचार आहे! मूळ नाव कुणाला मिळणार हे घडणीवरून ठरत नाही, रूपावरूनही नाही. ती विकाऊ आहे का, आणि तिच्यामागे रोज राबणारं कुणी आहे का, यावर ठरतं. अल्बियन पार्कच्या त्या विमानालाही लोक 'सदर्न क्रॉस'च म्हणतात. मला वाटतं पाणिनीनं हरकत घेतली नसती.

पण इथं एक धोका आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथंच आहे. सेवा केली की नाव मिळतं, ठीक. पण सेवा करताना काय बदललं हे लपवलं तर?

सॅम्युएल लँग्ली हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांचं 'एरोड्रोम' विमान १९०३ मध्ये दोनदा नदीत पडलं. पुढे काही दिवसांतच, १७ डिसेंबरला, राईट बंधू उडाले. १९१४ साली ग्लेन कर्टिस यांनी लँग्लींचं विमान बाहेर काढलं, त्यात बरेच बदल केले आणि पाण्यावरून थोडंसं उडवून दाखवलं. कर्टिस यांचं राईट बंधूंशी पेटंटचं भांडण चालू होतं, हे लक्षात ठेवा. मग काय झालं? ते बदल काढून टाकले, विमान पुन्हा १९०३ च्या रूपात आणलं आणि माणसाला घेऊन उडू शकणारं हे पहिलं विमान, अशी पाटी लावून संग्रहालयात मांडलं. ऑर्व्हिल राईट संतापला. त्यानं आपलं अस्सल विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला धाडलं. स्मिथसोनियननं जाहीर दुरुस्ती केली १९४२ मध्ये. ऑर्व्हिल वारल्यावर, १९४८ ला, विमान मायदेशी परतलं. यात लाकूड अस्सल, इंजिनही बरंचसं अस्सल. खोटी होती ती नोंद. अस्सल वस्तूसुद्धा खोटं बोलू शकते, बरं का.

आणि राईटांचं ते 'अस्सल' तरी किती अस्सल? पहिल्या दिवशीच चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्यानं ते उलटून मोडलं, पुन्हा कधी उडालं नाही. ऑर्व्हिलनं स्वतःच नंतर त्याला नवं कापड चढवलं, १९८५ ला पुन्हा बदललं. ग्रीकांचं ते फळ्या बदलत नेलेलं जहाज तुम्हाला आठवेल. पण इथं कोडं पडत नाही, कारण प्रत्येक बदल लिहून ठेवलाय.

२००३ साली शताब्दीला अमेरिकेत केन हाईड यांच्या चमूनं या विमानाची प्रतिकृती केली. राईटांनी पूर्ण आराखडे मागे ठेवलेच नव्हते. फोटो, पत्रं, उरलेले तुकडे यांवरून एकेक भाग शोधावा लागला. कापडसुद्धा तसंच विणलेलं मिळवायचं, पंख्याचं लाकूड तसंच तासायचं. तासलेले पंखे त्यांनी वातबोगद्यात तपासले आणि दिसलं, की सायकल दुकानातल्या दोन भावांचे पंखे इंजिनाच्या शक्तीपैकी पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास उपयोगात आणत होते. ही माहिती कुठल्याही काचेच्या पेटीतून मिळाली नसती. १७ डिसेंबरला हजारो लोक जमले, राष्ट्राध्यक्ष बुश आले. पाऊस पडला, वारा पडला, विमान रुळावरून घसरून चिखलात बसलं. वर्तमानपत्रांनी फजिती म्हटलं. मला ते पटत नाही. १९०३ च्या त्या सकाळी समोरून जोराचा वारा होता आणि इंजिन अवघ्या बारा अश्वशक्तीचं. यश किती थोडक्यात आलं होतं हे त्या चिखलानं दाखवलं. तसंच्या तसं करायचं, तर पडण्याची शक्यताही तशीच ठेवावी लागते.

याच्या उलट तडजोड म्हणजे व्हिकर्स व्हिमी. १९१९ ला अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला ते विमान. पन्नासाव्या वर्षी, १९६९ मध्ये, इंग्लंडात एक प्रतिकृती झाली, उडाली आणि काही आठवड्यांतच उभ्या जागी आगीत सापडली. कापड ताणून बसवायला जे डोप नावाचं रोगण लावतात, ते असं भडकतं. पुन्हा बांधली ती फक्त उभी राहण्यासाठी. नंतर १९९४ मध्ये दुसरी झाली, तिला अमेरिकन मोटारीची इंजिनं बसवली. शुद्धतावादी नाकं मुरडतील. पण ती ऑस्ट्रेलियाला गेली, दक्षिण आफ्रिकेला गेली, २००५ ला अटलांटिक ओलांडून आयर्लंडात उतरली. आज ती ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात आहे. इंजिनं बदलली हे उघड सांगितलं, म्हणून मला ती प्रामाणिक वाटते.

यॉर्कशायरमध्ये एक हॅलिफॅक्स बॉम्बर आहे. त्याच्या धडाचा एक तुकडा स्कॉटलंडच्या बेटावर कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता, पंख दुसऱ्याच जातीच्या विमानाचे. याला प्रतिकृती म्हणायचं की जीर्णोद्धार, यावर भांडत बसू नये. कुठला तुकडा कुठला, ते पाटीवर लिहावं.

आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथ विमानातून. १९८२ ला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच मार्ग त्यांनी पुन्हा एकट्यानं उडून केला. विमान होतं लेपर्ड मॉथ. वेगळं यंत्र, पण म्हणून जुहूला कुणी हिरमुसलं असेल असं वाटत नाही. 'प्रतिकृती' या शब्दात कृती आहे हे आपण विसरतो. कृती पुन्हा करायची, तर वस्तूबरोबर ती करण्याची रीतही सांभाळावी लागते. संग्रहालयांच्या दाखलवहीत विमानाला क्रमांक मिळतो. सुताराच्या वहीला मिळत नाही.

त्या शेडमधून निघताना मी त्या गृहस्थांना म्हटलं, प्लास्टिक राहू द्या, आधी वही आणा. ते हसले. म्हणाले, त्याची बायको रविवारी चर्चमध्ये भेटते, विचारतो.

चला, प्रश्न घेऊ या.