दुसरी आवृत्ति

पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘आवृत्ति दुसरी’ हीं अक्षरें उमटलीं कीं लेखकास धन्यता वाटते, आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु पहिल्या प्रती खपल्या, याहून अधिक अर्थ त्या अक्षरांत बहुधा नसतो. पहिल्या खेपेस चुकलेलें साल, अर्धवट सुटलेला युक्तिवाद, सैल पडलेलें वाक्य, सारें जसेंच्या तसें दुसऱ्या खेपेस उतरलेलें असतें. अशा ग्रंथास पुनर्मुद्रण म्हणावें. आवृत्ति हा मान त्यानें मिळवावयाचा असतो.

तो कसा मिळवावा हें ज्या ग्रंथानें दाखवून दिलें, त्याचा उगम आमच्या सोलापुरांतच आहे. १८१८ च्या सुमारास येथें असतांना मोल्सवर्थ ह्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानें मराठी शब्द टिपण्यास आरंभ केला. पुढें सरकारचा आश्रय, शास्त्रीमंडळींचें साह्य आणि जॉर्ज व टॉमस कँडी ह्या बंधूंची सोबत लाभून १८३१ सालीं मुंबईस त्यांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. दुसरा कोणी एवढ्यावर कृतार्थ झाला असता. मोल्सवर्थ मात्र मायदेशीं गेल्यावरही त्या कामासाठीं पुन्हा हिंदुस्थानांत आले, आणि १८५७ सालीं, म्हणजे तब्बल २६ वर्षांनीं, सुधारलेली व वाढविलेली दुसरी आवृत्ति त्यांनीं सिद्ध केली. तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत.

परंतु ह्या कोशाची थोरवी शब्दसंख्येंत नाहीं. शब्द मूळचा संस्कृत कीं फारसी, नामाबरोबर कोणतें क्रियापद चालतें, कोणत्या म्हणींत तो रुळला आहे, हें जागजागीं सांगण्याची जी दक्षता येथें दिसते, ती एका बैठकींत साधणारी नव्हे. नवा शब्द जोडणें सोपें. आपणच दिलेला अर्थ परक्याच्या नजरेनें तपासून ‘हा पुरेसा नाहीं’ असें म्हणणें अवघड. काळाचा निकालही बोलका आहे. १९७५ सालीं पुण्यास ह्या कोशाचें पुनर्मुद्रण झालें तें १८५७ च्या आवृत्तीचें, आणि शिकागो विद्यापीठानें संगणकावर उपलब्ध करून दिली तीही हीच.

कोणी म्हणेल, कोश हें कष्टाचें काम. काव्यास व कथेस स्फूर्ति लागते, आणि स्फूर्तीस कात्री सोसत नाहीं. ह्या आक्षेपांत थोडें तथ्य आहे. घांसून घांसून निर्जीव झालेलें लेखनही आपण वाचतों. परंतु लिहितांना लेखकास आपल्या मनांतलें ऐकूं येत असतें, कागदावरचें नव्हे. कांहीं काळ लोटल्यावरच तो स्वतःच्या लेखनाचा वाचक होतो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां नकलकारांनीं घुसडलेले अपपाठ त्यांस काढावयाचे होते. तेथें ग्रंथ दुसऱ्याचा आणि दोष तिसऱ्याचे होते. स्वतःच्या ग्रंथांत दोषही आपलेच, आणि त्यांवरचें प्रेमही आपलेंच.

मात्र थांबणें म्हणजे लांबणीवर टाकणें नव्हे. निर्दोष होईपर्यंत कोश छापावयाचाच नाहीं असा हट्ट मोल्सवर्थ यांनीं धरला असता, तर १८३१ चा कोश निघालाच नसता, आणि सुधारावयासही कांहीं उरलें नसतें. आधीं काम पुरें करावें, लोकांच्या हातीं द्यावें, मग विसावून त्याकडे वळावें, हाच क्रम हितकर.

आमच्या ग्रंथकारांस व प्रकाशकांस एवढीच विनंति, कीं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत खपाचा आनंद जरूर सांगावा. परंतु काय बदललें आणि कां बदललें, हेंही चार ओळींत लिहावें. त्या चार ओळी लिहावयास कांहींच नसेल, तर मुखपृष्ठावर ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द पुरे आहे.